‘सापेक्षतेचा परिणाम’, पण कशाच्या तुलनेत?

इलेक्ट्रॉन मारून ड्यूटेरॉन फोडण्यावरचे पेपर वाचायला घेतलेत, की एक आलेख लवकरच समोर येतो. एक तुटक रेषा, एक ठिपक्यांची, एक अखंड. अखंड रेषेपुढे लिहिलेलं असतं ‘आरसी’सह, म्हणजे सापेक्षतावादी दुरुस्ती धरून. ती प्रयोगाच्या बिंदूंमधून गेली की आपण म्हणतो, चला, सापेक्षता सिद्ध झाली. माझा आक्षेप या वाचण्याच्या पद्धतीला आहे.

आधी केंद्रक बघू. एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, झाला ड्यूटेरॉन. ही काही दुर्मिळ चीज नाही. गणेशपुरीच्या गरम कुंडांतल्या पाण्यातही साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. बंधन ऊर्जा फक्त २.२ एमईव्ही, तर न्यूक्लिऑनचं वस्तुमान ९३९. इतक्या सैल केंद्रकात सापेक्षता कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

आता हिशेब करा. इलेक्ट्रॉनने प्रोटॉनला ५०० एमईव्ही/सी इतका संवेग दिला. न्यूटनच्या सूत्राने त्याची गतिज ऊर्जा येते १३३.२ एमईव्ही, आइन्स्टाइनच्या सूत्राने १२४.९. फरक ८.३ एमईव्ही, म्हणजे बंधन ऊर्जेच्या पावणेचार पट! केंद्रक संथ असलं तरी धडक संथ नसते. तेव्हा सापेक्षता हवीच, यात वाद नाही.

वाद आहे तो नावाचा. ‘आरसी’ या एका लेबलखाली निदान तीन गोष्टी येतात. एक, वर पाहिलेली गतिकी. दोन, विद्युतभार आणि प्रवाहाच्या ऑपरेटरमधल्या जास्तीच्या संज्ञा, उदाहरणार्थ स्पिन-ऑर्बिट. तीन, बूस्ट: धक्का बसून पळणाऱ्या जोडीचं तरंगफलन स्थिर जोडीसारखं राहत नाही, स्पिनही वळतात. आता गंमत बघा. पुष्कळ ‘असापेक्ष’ गणितांत गतिकी आधीच सापेक्षतावादी घेतलेली असते. मग त्यांची तुटक रेषा नेमकी कशाची?

मेसॉन देवाणघेवाणीच्या प्रवाहांचं तर आणखी अवघड आहे. पायॉनचा जो ‘पेअर करंट’ एका पद्धतीत मेसॉनच्या खात्यात जातो, तोच पूर्ण सहचर समीकरणात ऋण-ऊर्जेच्या घटकांतून आपोआप येतो, म्हणजे सापेक्षतेच्या खात्यात. भौतिकी तीच, खातं वेगळं. शिवाय आधी अॅम्प्लिट्यूड मिळवतात, मग वर्ग करतात. त्यामुळे ‘आरसी’चा वाटा किती दिसेल, हे तुम्ही तो कितव्या क्रमांकावर मिळवलात यावरही अवलंबून असतं.

म्हणजे सगळं काम फोल का? अजिबात नाही. अनुदैर्घ्य-अनुप्रस्थ व्यतिकरण ही राशी घ्या. इलेक्ट्रॉनच्या प्रतलात, संवेगाच्या दोन्ही बाजूंना प्रोटॉन मोजून ती मिळते. भार आणि प्रवाह यांचा तिथे गुणाकार होत असल्याने बारीक संज्ञाही उठून दिसतात. अॅमस्टरडॅमच्या निखेफने १९९२ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि सापेक्षतावादी वर्णनाची गरज ठळक झाली. माइन्झमध्ये आरेनहोव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एकदेही प्रवाह, पायॉन-प्रवाह आणि बूस्ट एकाच विस्तारात, एकाच क्रमापर्यंत घेतले. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. मर्यादाही तिथेच आहे: संवेग भागिले वस्तुमान हे लहान असेल तोवरच असा विस्तार चालतो. वरच्या उदाहरणात ते ०.५३ झालंच आहे.

हे सगळं आज का महत्त्वाचं? २०२० मध्ये जेफरसन लॅबच्या हॉल सी मधल्या गटाने न्यूट्रॉनच्या १,००० एमईव्ही/सी च्या आसपासच्या संवेगापर्यंत मोजमापं दिली. ७०० च्या पुढे तुलनेला घेतलेली गणितं प्रयोगापासून लक्षणीय दूर जातात. दोष न्यूक्लिऑनमधल्या बलाचा, सापेक्षतेच्या मांडणीचा, की न्यूक्लिऑन हे चित्रच तिथे अपुरं पडतं? ‘आरसी’ हा सगळ्या उरलेल्या गोष्टी टाकायचा डबा झाला, तर हा प्रश्न नीट विचारताही येणार नाही.

म्हणून पेपर हातात घेतलात की तीन गोष्टी वहीत लिहा: तुटक रेषेत सापेक्षतेचं काय काय आधीच आहे, विस्तार कुठल्या क्रमाला थांबवला, आणि बल व प्रवाह एकाच मांडणीतले आहेत का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर अखंड रेषा बिंदूंमधून गेली तरी त्यावर प्रबंधाचा विषय ठरवू नका. आधी गाइडला विचारा.