कसरतीच्या खेळांतील दडविलेल्या वस्तू आणि घड्याळ

व्हिडिओ खेळांच्या समीक्षेत दडविलेल्या वस्तूंचा विचार बहुधा अखेरीस, आणि तोही यादीच्या स्वरूपात केला जातो. अमुक वस्तू अमुक ठिकाणी आहे, तेथे अशा रीतीने जावे, इतके सांगितले की विषय संपला असे मानण्यात येते. कसरतप्रधान खेळांच्या बाबतीत तरी ही पद्धत अपुरी आहे. बार्सिलोना येथील अंडरकोडर्स ह्या मंडळींनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या 'डेन्शॲटॅक!' ह्या खेळात आगगाडीच उड्या घेते. परंतु ह्या कुळाचा मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास नेव्हरसॉफ्टच्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' (१९९९) ह्या खेळाकडेच वळावे लागते.

ह्या खेळात डाव सहसा दोन मिनिटांचा. स्पर्धेची स्थळे वगळता प्रत्येक स्थळी पाच लक्ष्ये व प्रत्येक लक्ष्याबद्दल एक फीत. त्यांपैकी एक फीत स्थळातच कोठेतरी दडविलेली असते. ती दिसणे आणि ती हाती येणे ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. फीत दृष्टीस पडल्यावर खेळाडूला उलट दिशेने विचार करावा लागतो : तेथे पोचावयाचे तर उडी कोठून, उडीपूर्वी वेग किती, आणि तो वेग मिळावयास उतार कोणता? छप्पर, कठडा, उतार ह्यांचे परस्परसंबंध त्याला प्रथमच कळू लागतात. त्यातच घड्याळ चालू असते. शोधात घालविलेला प्रत्येक क्षण गुणांतून वजा होतो. ही निवड करावी लागते म्हणूनच फितीला मोल आहे.

'स्केट' ह्या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरे ह्याहून वेगळी. ती एकाच डावात गोळा करावी लागतात. तेव्हा तेथे प्रश्न वस्तूचा नसून मार्गाचा असतो. दुसऱ्या भागात (२०००) ठिकठिकाणी पैसे विखुरलेले आहेत. एकदा उचललेले पैसे पुढील डावातही जमेस धरले जातात, त्यामुळे मार्ग आखण्याची गरज उरत नाही. हा मला त्या भागाचा उणेपणा वाटतो. शोधाची जागा हिशेबाने घेतली. उलट त्याच भागातील न्यूयॉर्क हे स्थळ पाहावे. तेथे भुयारी रेल्वेची टोकने गोळा करावयाची आहेत, आणि रेल्वेच्या लोखंडावरून फळी घासत जाणे हेही एक लक्ष्य आहे. प्रवासाचे साधन येथे प्रवासासाठी वापरलेच जात नाही! संग्रहाची वस्तू व कसरतीची जागा ह्यांचा असा एकजीव संबंध इतरत्र क्वचितच आढळतो.

चौथ्या भागात (२००२) मुख्य वाटचालीतून ही सरसकट कालमर्यादा काढून टाकण्यात आली. स्थळातील माणसांशी बोलावे, त्यांनी सांगितलेले काम करावे, एरवी मोकळे हिंडावे, अशी ती रचना होती. कित्येकांस ती मुक्ती वाटली, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. हिंडण्यातही एक सुख असते. मात्र त्या सुखासाठी स्थळेही निराळी, ऐसपैस रचावी लागली. हा मुद्दा आयर्न गॅलॅक्सीने २०२५ मध्ये केलेल्या तिसऱ्या व चौथ्या भागांच्या पुनर्निर्मितीत निसटला आहे. तेथे चौथ्या भागातील स्थळांनाही दोन मिनिटांचे घड्याळ लावले गेले. परंपरेकडे परतणे म्हणून ह्याचे समर्थन होऊ शकेल. परंतु १९९९ मधील स्थळे घड्याळ समोर ठेवूनच घडविलेली होती, चौथ्या भागातील नव्हेत. सैलपणाच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यावर पट्टा आवळल्यासारखे हे झाले. पहिल्या भागात घाईमुळे नजर तीक्ष्ण होत असे; येथे घाईमुळे पाहणेच राहून जाते, आणि दडविलेल्या वस्तूसाठी खेळाडू पुन्हा यादीकडे धाव घेतो.