तारायंत्र, रेल्वे आणि प्रमाणवेळ : भिवपुरीच्या संदर्भात एक चिकित्सा

संदेशवहनाच्या साधनांनी सार्वजनिक वेळेचे प्रमाणीकरण घडवून आणले, हे विधान तंत्रज्ञानाच्या इतिहासात बहुधा गृहीत धरले जाते. मुंबई इलाख्याचा अनुभव या गृहीतकाच्या मर्यादा स्पष्ट करतो.

1856 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला आणि भिवपुरीचा परिसर वेळापत्रकाच्या कक्षेत आला. तोवर ग्रामीण दिवस सूर्योदयापासून घटिका-पळांत मोजला जाई. गाड्यांच्या नियमनासाठी मात्र सर्व स्थानकांची घड्याळे एकसारखी असणे आवश्यक होते. मद्रास वेधशाळेची वेळ तारेने देशभर कळविता येऊ लागल्याने रेल्वेने तीच वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे 30 मिनिटे पुढे होती.

तारेने वेळ पोहोचली. मान्यता मात्र पोहोचली नाही. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू केली. लोकविरोधामुळे तो निर्णय पुढे मागे घ्यावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आल्यावरही मुंबई महानगरपालिकेने सुमारे 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ 1950 च्या दशकापर्यंत जपली. 1922 मध्ये भिवपुरीचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन त्याची वीज मुंबईस मिळू लागली, तेव्हाही त्या शहरात दोन वेळा नांदत होत्या. तांत्रिक एकात्मतेमागोमाग कालिक एकात्मता आपोआप येत नाही, याचा हा पुरावाच होय.

व्हॅनेसा ओगल यांनी 2015 च्या आपल्या ग्रंथात या विरोधाचा संबंध वसाहतविरोधी राजकारणाशी जोडला आहे. हे विवेचन मौलिक असले, तरी त्याचा केंद्रबिंदू शहरच राहतो. भिवपुरी मुंबईच्या पूर्वेस जेमतेम अर्धा रेखांश असल्याने दोन्ही ठिकाणच्या सूर्यवेळेत केवळ दोन मिनिटांचे अंतर पडते. म्हणजेच ‘मुंबई वेळ’ ही निव्वळ नागरी अस्मितेची खूण नव्हती. ती उत्तर कोकणच्या सूर्याशी सुसंगत होती. तथापि सभा, ठराव व वृत्तपत्रे ही प्रतिकाराची साधने शहराच्या हाती असल्याने ग्रामीण प्रतिसादाची नोंद अभ्यासात क्वचितच येते.

सारांश, तारायंत्राने समान वेळ शक्य केली, रेल्वेने तिची गरज निर्माण केली. परंतु ती कोणती असावी, हा निर्णय सत्तेचा होता. या तीन बाबींची गल्लत टाळल्याशिवाय प्रमाणवेळेचा इतिहास पूर्णत्वास जाणार नाही.