‘दिगंश’ कोठून मोजावयाचा? : तारकापट-प्रणालीच्या परिभाषेविषयी एक टिपण

‘स्टेलेरियम’सारख्या संगणकप्रणालीत आकाश पाहावयाचे तर प्रथम निर्देशांकपद्धती निश्चित करावी लागते. त्यासाठी लागणारे दिगंश, उन्नतांश, क्रांती, भोग, शर हे शब्द मराठीस नवे नाहीत. सिद्धांतग्रंथांतून ते परंपरेने आपल्याकडे आले आहेत. परिभाषेची आपली चर्चा बहुधा शब्दांच्या अभावाभोवती फिरते. येथील अडचण मात्र निराळी आहे. शब्द आहेत, आणि त्यांच्या पोटात त्यांचे जुने आरंभबिंदूही आहेत.

बारामतीचे उदाहरण घेऊ. तेथील अक्षांश सुमारे १८°९′ असल्याने ध्रुवतारा उत्तरेस अठरा अंशांच्या आसपास दिसतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास अगस्त्य याम्योत्तर वृत्तावर येतो, तेव्हा त्याचा उन्नतांश सुमारे १९° भरतो. म्हणजे समोरासमोरचे हे दोन तारे जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात. या उन्नतांशाबद्दल मतभेदास जागा नाही. दिगंशाचे तसे नाही. प्रणालीच्या मूळ योजनेप्रमाणे तो उत्तरेपासून मोजला जातो व १८०° येतो; दक्षिणेपासून मोजण्याचा पर्याय निवडल्यास शून्य येतो; आणि सिद्धांतकारांच्या रीतीने पूर्वबिंदूपासून मोजल्यास ९०° येतो. तारा एक, क्षण एक, शब्दही एक, आणि संख्या तीन! इंदापूरच्या विद्यार्थ्याने जुना ग्रंथ व नवी प्रणाली शेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंपैकी एक चुकीचे आहे, असेच त्यास वाटेल.

यावर नवा शब्द घडविणे हा उपाय मला रुचत नाही. ‘मेषादि’ हा प्रयोग आपल्याकडे रूढ आहेच. त्याच धर्तीवर ‘उत्तरादि दिगंश’, ‘दक्षिणादि दिगंश’, ‘पूर्वादि दिगंश’ असे म्हटल्यास आरंभबिंदू शब्दातच उघड होतो. आरंभबिंदूचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. रेवतीपक्ष व चित्रापक्ष यांचा पंचांगवाद महाराष्ट्रात दीर्घकाळ चालला, तो राशिचक्राच्या आरंभाविषयीच होता. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते.

याहून सूक्ष्म फसगत भोगशरांच्या जाळीत होते. सूर्यसिद्धांतात स्वातीचा ध्रुवक १९९° व विक्षेप ३७° उत्तर दिला आहे. ही मापे ध्रुवप्रोतवृत्तावरची आहेत. प्रणालीतील क्रांतिवृत्तीय जाळी कदंबप्रोतवृत्तांची असते, आणि त्या रीतीने हेच स्थान मांडल्यास भोग १८३°च्या आसपास येतो. सोळा अंशांचा हा फरक निरीक्षणातील दोष नव्हे, व्याख्येतील भेद आहे. (अगस्त्य मिथुनान्ती, अयनबिंदूजवळ असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा भेद जवळजवळ लोपतो, परीक्षणासाठी तो तारा घेणाऱ्यास काहीच गैर आढळणार नाही.) म्हणून ‘ध्रुवक’ व ‘भोग’ हे शब्द पर्यायी मानून कोशात एकाच नोंदीखाली घालणे मला सर्वथा अग्राह्य वाटते.

दर्शनाच्या पर्यायांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. स्थळ बारामती निवडले तरी क्षितिजावर प्रणालीचा मूळचा देखावा, फ्रान्समधील एका खेड्याच्या परिसराचा, तसाच राहतो. ‘क्षितिज’ हा शब्द गणिती वर्तुळासाठी राखून या चित्रास ‘देखावा’च म्हणावे. त्रिशंकूचा तळचा तारा बारामतीहून याम्योत्तर वृत्तावरही नऊ अंशांच्या आतच राहतो. उजनीच्या मोकळ्या जलाशयावर तो पाहू इच्छिणाऱ्याने तो देखावा आधी बंद करावा.