मुखपृष्ठावरील प्रश्नचिन्ह

नटनटींच्या खाजगी आयुष्याची चर्चा करणाऱ्या नियतकालिकांकडे पाहण्याची टीकाकारांची एक ठरलेली रीत आहे. अभिरुचीच्या ऱ्हासाचा दाखला म्हणून त्यांचा उल्लेख करावयाचा आणि पुढे जावयाचे. या रीतीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न तसाच राहून जातो. अशा नियतकालिकाचे मुखपृष्ठ नटाचे चित्र दाखविते हे उघडच आहे. परंतु त्याच वेळी ते आपल्या वाचकाचेही एक चित्र रेखाटीत असते. ते चित्र कोणते?

मुंबईतून निघालेल्या तीन इंग्रजी नियतकालिकांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली, तर या चित्राचा पालट ध्यानात येतो. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ सुरू केले. त्याच्या मुखपृष्ठांसाठी एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराने कुंचला चालविला. रंगविलेली नटी प्रत्यक्ष व्यक्तीहून अधिक तेजस्वी, आणि म्हणूनच अधिक दूरची असते. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांसाठी रंगविलेल्या ललना ज्याने पाहिल्या आहेत, त्या मराठी वाचकाला हे अंतर परिचयाचे आहे. अंकाच्या आत बाबूरावांची लेखणी कितीही बोचरी असो, मुखपृष्ठावर थाट होता तो दर्शनाचा. येथे वाचक दुरून पाहणारा प्रेक्षकच राहिला.

मार्च १९५२ मध्ये टाइम्स समूहाचे ‘फिल्मफेअर’ निघाले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कामिनी कौशल होत्या. आता चित्राऐवजी छायाचित्राचे युग येत होते. अंतर कमी होत होते, पण मर्यादा सुटली नव्हती. घरच्या बैठकीत चारचौघांसमोर ठेवता यावे, असे हे मुखपृष्ठ होते. देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक तेव्हा नुकतीच आटोपली होती. १९५४ साली या पाक्षिकाने पारितोषिके सुरू केली, ती वाचकांची मते मागवून. दर्शनाला आलेला प्रेक्षक आता मतदार झाला.

ऑक्टोबर १९७१ मध्ये नारी हिरा यांनी ‘स्टारडस्ट’ काढले. त्याच्या आरंभीच्या काळातील संपादन शोभा राजाध्यक्ष, म्हणजेच पुढच्या शोभा डे, यांनी केले. पहिल्याच मुखपृष्ठावर प्रश्न होता: राजेश खन्ना यांचा गुपचूप विवाह झाला आहे काय? या वाक्यातील खरे सामर्थ्य प्रश्नचिन्हात आहे. विधान केले तर पुरावा द्यावा लागतो. प्रश्नाला त्याची गरज नसते. किंबहुना प्रश्न विचारणारा बाजूला सरतो आणि निवाड्याचे काम वाचकावर सोपवितो. अंक हाती घेणारा मनुष्य आता प्रेक्षक नव्हे, मतदारही नव्हे. तो शेजारी झाला आहे, आणि जाणण्याचा हक्क आपणांस आहे असे तो धरून चालतो.

तथापि या शेजाऱ्याला केवळ रिकामटेकडा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात विवाह हा दोन कुळांचा आणि चारचौघांच्या साक्षीचा व्यवहार मानला जातो, तेथे गुप्त विवाहाची वदंता हा नटापुरता विषय राहत नाही. माणसाला आपला जोडीदार आपण निवडता येतो काय, आणि निवडला तर तो लपवावा लागतो काय, हे प्रश्न वाचकाच्या घरात दबून असतात. मुखपृष्ठ ते दुसऱ्याच्या नावावर उघड विचारते. राजेश खन्ना यांचा डिंपल कपाडिया यांच्याशी विवाह मार्च १९७३ मध्ये झाला, आणि तो उघडपणे झाला. पण त्या मुखपृष्ठाचे आकर्षण उत्तरावर अवलंबून नव्हतेच.

आपल्या साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. नाटक पाहताना नटाचा व्यक्तिविशेष मागे पडतो आणि भाव सर्वांचा होतो. हे मुखपृष्ठ प्रथमदर्शनी नेमकी उलट वाट धरते: ते भूमिका पुसते आणि व्यक्ती पुढे आणते. परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे दिसते की, त्या व्यक्तीचेच ते पात्र करते आणि तिच्या विवाहातून वाचकाला स्वतःच्या विवाहाचा विचार करू देते. म्हणजे साधारणीकरण येथेही आहे. भेद एवढाच की, शकुंतलेच्या दुःखाने आपण द्रवलो तरी शकुंतलेचे काही जात नाही. येथे मात्र पात्राच्या जागी जिवंत मनुष्य आहे. आपल्या आस्वादाची किंमत तो मोजतो; आणि पुरुषाच्या बाबतीत जी वदंता कौतुकाची ठरते, तीच स्त्रीच्या बाबतीत कलंकाची ठरत असल्याने ही किंमत दोघांना सारखी पडत नाही.

नट स्वतः या प्रसिद्धीचा लाभ घेतो, असा आक्षेप घेता येईल. तो अनेकदा खराही असतो. परंतु रंगभूमीवर उभा राहणारा नट भूमिका स्वीकारून उभा असतो आणि पडदा पडल्यावर ती उतरवू शकतो. मुखपृष्ठाने दिलेली भूमिका उतरविण्याची सोय त्याच्या हाती राहत नाही.

आज तेच प्रश्नचिन्ह मोबाईलच्या पडद्यावर दिवसभर उमटत असते. वाचकाची जिज्ञासा हलकी आहे असे म्हणून त्याचे निवारण होणार नाही, कारण ती जिज्ञासा हलकी नाही. आपल्या घरात जे विचारण्याचे धैर्य होत नाही, ते परक्याच्या दारात विचारण्याची ही सवय आहे. कथा-कादंबरीने हेच प्रश्न कल्पित माणसांच्या साहाय्याने विचारले आहेत, आणि त्यासाठी कोणाचीही अब्रू खर्ची घातलेली नाही. टीकाकाराने वाचकाला दोष देण्यापूर्वी, त्या वाचकापर्यंत ती कादंबरी का पोहोचली नाही, हे स्वतःला विचारणे अधिक उचित होय.