अंदाजपत्रकाची समीक्षा

कवितेची चिरफाड आपण करतो. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाची कोण करणार? वार्षिक सभेत खजिनदार घडाघडा आकडे वाचतो, कुणी 'मंजूर' म्हणतो, अन् चहा येतो. मी म्हणतो, तो कागद कथेसारखा वाचा. यात कोण आहे, कोण गाळलाय?

हे वाचन आपल्याला परकं नाही. ब्रिटिश सरकार अन् प्रांत यांच्यातल्या पैशाच्या नात्यावर बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ सालीच निघाला.

१९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं ग्रंथालयांना 'सार्वजनिक' म्हटलं, पण १९४८ च्या मद्रास कायद्यासारखा ग्रंथालय-कर लावला नाही. मग संसार चालतो अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानावर, वर्गणीवर, देणगीवर. वर्गणी अन् अनामत जमेच्या बाजूला शोभतात. पण तेच आकडे झोपडपट्टीतल्या पोराला दारात अडवतात. सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

आता खर्चाची बाजू. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. तिथल्या पोरीला कादंबरीआधी टेबल, दिवा अन् रात्री उशिरापर्यंत उघडं दार लागतं. दार उघडं ठेवायचं तर सेवकाला धड पगार हवा. नुसतं 'ग्रंथखरेदी' लिहून भागत नाही. कुठली पुस्तकं, कुणी निवडली, आपली किती?

म्हणून सभासद व्हा, कागद आधी मागून घ्या, अन् 'मंजूर' म्हणायच्या आत उभं राहून हे विचारा.