वाळवंट, बेचिराख आणि भोगवर्धन : मराठी प्रवासवर्णनाच्या शब्दकळेविषयी

मराठीतील परदेशविषयक प्रवासवर्णनांची चर्चा बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. लेखकाचे व्यक्तिमत्त्व लेखनात कितपत उमटले आहे, हे एक अंग. आणि त्याने दिलेली माहिती कितपत विश्वसनीय व रोचक आहे, हे दुसरे. प्रवासी ज्या शब्दांनी परका प्रदेश मराठीत आणतो त्या शब्दांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. प्राचीन नगरे आणि मरुप्रदेश ही दोन स्थळे या दृष्टीने कसोटीची आहेत. मराठी भाषकाच्या मुलुखात मरुप्रदेश नाही. आणि प्राचीन नगरे आहेत ती बहुतांशी पांढरीच्या टेकाडांखाली गाडली गेलेली आहेत. साहजिकच या दोहोंचे वर्णन करताना लेखकाला दुसऱ्या कशासाठी तरी घडलेले शब्द वापरावे लागतात. परका प्रदेश अशा शब्दांत बसवणे हे प्रवासवर्णनाचे अर्धेच कार्य होय. त्या प्रदेशाने त्या शब्दांच्या अर्थात काय भर घातली, हे दाखवणे हे उरलेले अर्धे.

ग्रंथांच्या नावांपासूनच विचार करता येईल. पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे आहे. त्यात लोकस्थिती आधी येते, प्रवासी नंतर. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या नावात देशाचा उल्लेखही नाही. त्याची जागा प्रतिमेने घेतली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) प्रवाशाची मनोवृत्तीच शीर्षक होते. मीना प्रभू यांची ‘इजिप्तायन’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’, ‘मेक्सिकोपर्व’ ही नावे याहून वेगळी आहेत. त्यांत परका देश आणि परिचित वाङ्मयप्रकार यांचा समास साधलेला आहे. ही नावे एकाच साच्यातील वाटली तरी त्यांचे कार्य एकसारखे नाही. ‘मेक्सिकोपर्व’ या नावात महाभारताचा साचा मेक्सिकोवर बसतो. मेक्सिको मात्र त्या साच्याला काही परत देत नाही. ‘गाथा इराणी’चे तसे नाही. ‘गाथा’ म्हणताच मराठी वाचकाला तुकोबा आठवतात; पण झरथुष्ट्राची सूक्तेही गाथाच होत. तो शब्द इराणच्या भूमीवर पाहुणा नाही. येथे शीर्षक दोन्ही दिशांनी चालते, आणि आपला म्हणून नेलेला शब्द तेथेही घरचाच निघतो. प्रवासवर्णनाकडून अपेक्षा आहे ती याच प्रकारच्या व्यवहाराची.

आता ‘वाळवंट’ हा शब्द घेऊ. मराठी परंपरेत वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. चंद्रभागेचे वाळवंट हे त्याचे सर्वपरिचित स्थान. तेथे पाणी जवळ आहे आणि माणसांची दाटी आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी हाच शब्द निर्जल प्रदेशासाठी रूढ केला. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ ‘टाकून दिलेली जागा’ असा अर्थ देते. संस्कृत ‘मरु’चा संबंध परंपरेने मरणाशी जोडला जातो. मराठीने मात्र या प्रदेशाला केवळ वाळूवरून ओळखले. परिणामी ‘वाळवंट’ म्हणताच वाचकाच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. वस्तुतः सहाराचा सुमारे चतुर्थांश भागच वाळूने व्यापलेला आहे. नाईल आणि तांबडा समुद्र यांमधील प्रदेश तर खडकाळ आणि डोंगराळ आहे. इराणच्या दश्त-ए-कवीरमध्ये क्षारांचे कवच पसरलेले आहे. हे सर्व एका ‘वाळवंटा’त घालणारे वर्णन कितीही लालित्यपूर्ण असले, तरी ते पाहिलेल्या वस्तूचे नसून शब्दाचे वर्णन ठरते.

यावर उपाय नवे शब्द घडवणे हाच आहे असे नाही. जालना जिल्ह्यातील शेतकरी माळ, बरड, मुरमाड आणि पडीक यांत चोख भेद करतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे ‘दश्त’ आणि ‘सहरा’ हे शब्दही येथील कानांना अपरिचित नाहीत. इतकी सामग्री हाताशी असताना प्रवासवर्णनाची प्रमाण मराठी एका शब्दावर भागवते. हे दारिद्र्य भाषेचे नव्हे, निवडीचे आहे.

‘बेचिराख’ या शब्दाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. त्याचे मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. महसुली दप्तरात ओस पडलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणण्याची रीत आहे. बोलताना अंत्य ‘ग’चा ‘ख’ झाला, मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू येऊ लागली, आणि विझलेल्या दिव्याचा शब्द जळून खाक होण्याचा शब्द बनला. लोकव्युत्पत्तीचे हे ठळक उदाहरण होय. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने गाडल्या गेलेल्या पॉम्पेईला मराठीत ‘बेचिराख नगर’ म्हणणे म्हणूनच अगदी स्वाभाविक वाटते. पण त्या राखेनेच पॉम्पेईची घरे, भित्तिचित्रे आणि मातीचे दिवेसुद्धा राखले. नगर बेचिराग झाले ते राखेमुळे, आणि टिकले तेही राखेमुळेच. शब्दातील हे दोन्ही अर्थ ज्याला जाणवतील तो प्रवासी पॉम्पेईविषयी मराठीत असे काही लिहू शकेल, जे अन्य भाषेत त्याच रीतीने लिहिता येणार नाही.

पॉम्पेईचे उदाहरण घेण्यास आणखी एक कारण आहे. १९३८ मध्ये तेथील एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे ती यक्षी असावी असा पक्ष पुढे आला. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, केळणा नदीच्या काठी, शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये केलेल्या उत्खननात तिच्याशी निकटचे साम्य असलेली भग्न हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेरची मूर्तीही याच कुळातील मानली जाते. भोकरदन हेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या दानलेखांत तेथील दात्यांचा निर्देश आहे.

या साम्यावरून पॉम्पेईची मूर्ती ‘आपली’ म्हणण्याचा मोह अनावर आहे. पण त्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही मुख्यतः वायव्येकडील लिपी होय. मूर्ती भोगवर्धनात घडली, की अन्यत्र घडली व त्याच शैलीचे काम येथेही होत होते, हा प्रश्न अनिर्णित आहे. निश्चित आहे ते इतकेच, की भोगवर्धन आणि पॉम्पेई एकाच व्यापारी जगाचा भाग होती. ‘पेरिप्लस’मध्ये भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर, सांगितले आहे, तेथील माल गाड्यांतून दुर्गम प्रदेश ओलांडून भडोचला येई असेही त्यात म्हटले आहे. समुद्र ओलांडल्यावर माल इजिप्तच्या बेरेनिके बंदरासारख्या ठिकाणी उतरे. तेथून नाईलवरील कॉप्टोसपर्यंत मरुप्रदेश पार करावा लागे. प्लिनीच्या नोंदीनुसार ही वाट बारा दिवसांची होती. प्रवास उंटांवरून, उष्म्यामुळे बहुतांशी रात्री होई आणि दिवस पाणवठ्यांवर काढावा लागे. ही नोंद करणारा प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावला. बेरेनिके येथील उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली, आणि २०२२ मध्ये बुद्धमूर्तीही मिळाली. मराठी प्रवासी ज्याला शून्य म्हणून वर्णितो तो प्रदेश अशा रीतीने शतकानुशतके वर्दळीचा रस्ता होता.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रवासवर्णन हा शास्त्रग्रंथ नव्हे. सामान्य वाचकाला परिचित शब्दाच्या आधारानेच अपरिचिताकडे नेता येते, आणि मीना प्रभूंच्या ग्रंथांना लाभलेला मोठा वाचकवर्ग त्याचीच साक्ष देतो. हा आक्षेप योग्य आहे, परंतु अपुरा आहे. परिचित शब्दापासून आरंभ करणे अपरिहार्य असले, तरी तेथेच थांबणे अपरिहार्य नाही. वाचकाला हाताला धरून न्यावे हे खरे. पण तो परतला तेव्हा त्याचे घर त्याला थोडे निराळे दिसले पाहिजे.

यावरून समीक्षेसाठी एक निकष हाती येतो. परदेशातील नगर व मरुप्रदेश यांचे वर्णन वाचून झाल्यावर ‘वाळवंट’, ‘ओसाड’, ‘बेचिराख’ हे शब्द वाचकाच्या मनात पूर्वीच्याच अर्थाने उरतात, की त्यांत काही भर पडते, हे पाहावे. भर पडत नसेल, तर ग्रंथ मनोरंजक रोजनिशी ठरेल. पडत असेल, तर भोकरदनच्या पांढरीवरून जाणारा वाचक तिला ओसाड म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबेल, आणि खाली एके काळी दिवे लागत होते हे त्याला आठवेल. असा वाचक घडवणाऱ्या ग्रंथालाच प्रवासवर्णन हे नाव पूर्णार्थाने शोभेल.