पवळा ‘पहिली’ होती, बरं, मग पुढे?

नाशिक-पुणे हायवेवर संगमनेरजवळ हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथं रांगेत गाडी थांबवली असेल. पवळा याच गावची. पवळाबाई तबाजी भालेराव हिवरगावकरीण, १८७० ते १९३९. ‘तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री’ हे वाक्य तिच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात सापडतं आणि बऱ्याच लेखांत ती त्या वाक्याबरोबरच संपते.

माझा आक्षेप या ‘पहिली’ला आहे. तमाशात आधी नाच्या पोऱ्या बाईचं काम करायचा, हे खरंच. पण पवळाला लहानपणी खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलं होतं, असंही हेच लेख सांगतात. मुरळ्या तर जागरणात रात्ररात्र गात-नाचत होत्याच की! म्हणजे बाई लोकांपुढे गात होती, फक्त ते आपण ‘रंगभूमी’त धरत नाही.

आता दुसरं वाक्य घ्या, नेट-सेटच्या नोट्समधलं: ‘त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर येत नसत.’ पुरावा म्हणून फाळके येतात. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले साळुंके, आणि त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. सगळं बरोबर. पण साधारण त्याच काळात पवळा मुंबईत तमाशाचे बोर्ड गाजवत होती, ‘नामचंद पवळा’ म्हणून. मग त्या वाक्यातल्या ‘स्त्रिया’ कोण? महार बाई त्यात मोजलेली नाही, एवढं तरी कळतं. असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये कॉपी-पेस्ट करण्याआधी थांबा.

खरी अडचण साधनांची आहे. पवळाची माहिती येते ती पठ्ठे बापूरावांच्या चरित्रातून. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जातीने ब्राह्मण, त्यामुळे ‘त्यांनी काय काय सोडलं’ ही गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. शाहीर लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफतो. ती लावणी जिच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली, तिचं नाव गुंफायची रीतच नाही. कागदावर उरतो तो कवी. १९५० साली सिनेमा निघाला, त्याचंही नाव ‘पठ्ठे बापूराव’च.

आणखी एक प्रसंग नेहमी सांगतात. बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून चळवळीला पैसे देऊ केले आणि महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले. यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं जातं. मला खटकतं ते वेगळंच. त्या गोष्टीत देणारा बोलतो, नाकारणारा बोलतो. कमाई जिच्या कष्टाची, तिला एक वाक्यही नाही. नकारामागचं कारण मला पटतं. ते पटूनही हा प्रश्न उरतोच.

शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) इथं उपयोगी पडतं. ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे आपले रोजचे शब्द त्या विश्लेषणाची हत्यारं म्हणून वापरतात. तमाशातली बाई एक तर पीडित नाही तर कलेची राणी, या दोन खुंट्यांमधून त्या तिला सोडवतात. जड आहे, पण आधी प्रस्तावना तरी वाचाच.

माझंही सांगते. माझ्या पहिल्या आराखड्यात पवळा ‘पठ्ठे बापूराव’ या प्रकरणाखालचा एक उपमुद्दा होती. ते मला खटकलंही नव्हतं. प्रेझेंटेशनला एका बाईंनी विचारलं, “बापूराव नसते तर ही तुम्हाला सापडली असती का?” मी गप्प. आता जुन्या वर्तमानपत्रांतल्या तमाशाच्या जाहिराती चाळतेय. शोधताना फक्त ‘पवळा’ धरून चालत नाही. पवळाबाई, नामचंद, हिवरगावकरीण, भालेराव, सगळी रूपं वहीत लिहून ठेवलीत, आणि बापूरावांचं नाव मुद्दाम शेवटी.